रुसलेला गडी आणि पाण्याची पखाल

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी बायको त्याच्या आदल्या दिवाळीत गेली. तिला मातीत ठेवून आलो आणि घरात एकटा राहिलो. मुलगा नांदेडला असतो. तो म्हणाला, "अप्पा, चला तिकडं." मी म्हणालो, "न्हाई येत." मग त्यानं माझ्या नातीला इकडं धाडलं. तिला लातुरातच बँकेत नोकरी लागली होती. कोण कुणाला सांभाळायला आलं, ते अजून ठरलेलं नाही.

नात आली ती एक खेळ घेऊन आली. दर रविवारी दुपारी तिघं जण घरी यायचे आणि बैठकीत पंखा लावून बसायचे. मी चौथी शिकलेला माणूस, मोंढ्यात धान्य मोजणारा मापाडी म्हणून हयात गेली. मला सोंगट्या कळतात, पत्ते कळतात. हा खेळ काही कळेना. पट नाही, डाव नाही, कुणी जिंकत नाही.

"मग खेळता कशाला?" मी विचारलं.

"पुढं काय होतं ते बघायला, अप्पा."

म्हणजे असं. एकानं सांगायचं, तुम्ही जंगलात आलात, समोर राक्षस उभा आहे, आता काय करता? बाकीच्यांनी आपापलं सोंग घ्यायचं आणि सोंगाला शोभेल तसं सांगायचं. जमलं का फसलं, ते फासा सांगतो. फासा वीस तोंडांचा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा खडीसाखरेचा खडाच वाटला. मी उगाच टाकून बघत बसायचो. ज्यानं कुणी तो घडवला त्याच्या डोक्याचं मला नवल वाटायचं.

सांगायचं काम नातीचं. खेळायला एक कॉलेजातले सर, ते उदगीरकडचे. त्यांचं सोंग म्हाताऱ्या जादूगाराचं. नियमाचं जाड पुस्तक मांडीवर घेऊनच बसायचे. दुसरी वीज कंपनीतली मॅडम, ती तलवारवाली. तिसरा मेडिकल दुकानवाला, अहमदपूरचा, तो चोर. आणि सगळी कटकट त्याचीच.

हा गडी राक्षसाला सोडून सोबत्यांनाच लुटायचा. रात्री सगळे झोपले की जादूगाराची पिशवी काप, तलवारवालीचा घोडा विक. कुणी बोललं की म्हणायचा, "मी काय करू? माझं सोंगच चोराचं हाय." आणि जास्त बोललं की फुगून बसायचा.

एका रविवारी नातीची आणि त्याची जुंपली. ती म्हणाली, "तुमच्यामुळं खेळाची मजा गेली." तो म्हणाला, "मग मला बोलावता कशाला?" ती म्हणाली, "आजपासून कुणालाच नाही बोलवत." तिघं गेले. ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"अप्पा, इथं माझं एवढंच होतं. आता नुसतं बँक आन घर. तीन आठवडे रजा टाकून नांदेडला जाते. बदलीचं बघते."

मी 'राहा' म्हणालो नाही. तसलं बोलायला मला येत नाही. पण खेळ मोडला तर पोरगी जाणार, आणि ती गेली की या घरात मी आणि पाण्याच्या टाक्या. लोक म्हणतात वेळ जाईल तसं दुःख कमी होतं. वेळ जातो. दुसरं काही होत नाही.

पुढच्या रविवारी तिघंही दारात. सर आणि मॅडम नातीची समजूत काढायला आले होते. मेडिकलवाला त्यांच्या मागं तोंड पाडून उभा. ती गावाला गेली म्हणालो तर निघायलाच लागले. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बसा. मी चालवतो."

सर म्हणाले, "अप्पा, नियम लई अवघड आहेत."

"नियम तुमच्यापाशी ठेवा. मी विचारीन तेव्हा सांगा. न विचारता सांगितलं तर चहा न्हाई."

मॅडम हसली. सर बसले.

मला जंगल, राक्षस काही ठाऊक नाही. मी सांगितलं, एक राज्य आहे. तिथं सलग दुष्काळ. तळी आटून फुटाणे भाजावेत तशी तापलीत. एका धरणात तेवढं पाणी उरलंय आणि त्या धरणावर पंखाचा अजगर बसलाय. राजानं तुम्हाला बोलावलंय. चला दरबारात.

तिथं माझी चूक झाली. मला वाटलं, रुसलेल्याचा रुसवा मानानं जातो. आमच्याकडं लग्नात कुणी फुगलं की टॉवेल-टोपी देतात, नारळ देतात. म्हणून मी राजाला सांगून पहिला मान चोराला दिला. टॉवेल, टोपी, वर फेटा. मेडिकलवाला खुलला. म्हटलं जमलं.

"अप्पा," सर म्हणाले, "जादूगार वयानं मोठा आहे. आधी त्याला पाहिजे होतं."

"घ्या, तुम्हालाही टॉवेल-टोपी."

"फेटा?"

"फेटा एकच व्हता."

मॅडम म्हणाली, "आन मला काय?"

"तुला खण-नारळ."

"तलवारवालीला खण? अप्पा, मी तीन राक्षस कापलेत!"

मग फेट्याचा रंग निघाला, पंगतीत कोण कुठं बसणार ते निघालं. आवरायचं म्हणून मी राजाच्या तोंडून वदवलं, जो पाणी सोडवील त्याच्या गावाला नवा जिल्हा देतो. तेव्हा उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठलेलीच होती. सर ताठ झाले. म्हणाले, "मग उदगीरच." मेडिकलवाला म्हणाला, "का? अहमदपूर काय मेलंय का?" सर म्हणाले, "किल्ला आमच्याकडं आहे." तो म्हणाला, "किल्ल्यात काय कलेक्टरला झोपवता का?" मी आमचं लातूर उस्मानाबादेतून फुटलं तेव्हाची भांडणं ऐकलेली. माणसं तीच, गावं तेवढी बदललेली.

फासा एकदाही पडला नाही. अजगर धरणावर बसून राहिला. उठता उठता चोरानं सरांचा टॉवेल चोरला, ते वेगळंच.

रात्री भाकर गिळताना मला बायकोची आठवण आली. आमच्या भावकीत एकही लग्न रुसव्याशिवाय झालं नाही, आणि प्रत्येक रुसवा तिच्याकडं यायचा. माझा धाकटा साडू म्हणजे फुगण्यातला पहिलवान. सोयरे टॉवेल घेऊन मागं धावायचे आणि हा मांडवाबाहेर लिंबाखाली. ती त्याला कधी टॉवेल घेऊन गेली नाही. मग करायची काय ती? मी आठवत बसलो. कामात असायचो, कधी नीट बघितलंच नव्हतं. फक्त एवढं आठवलं की जेवणावळीच्या वेळी हा बाबा लिंबाखाली नसायचा, कोठीवर असायचा. बुंदी, तूप, साखर ठेवलेल्या खोलीच्या दारात, कमरेला किल्ली लावून.

पण ती आधी त्याच्याशी काय बोलायची, ते काही आठवेना.

आठवड्यात बीपीच्या गोळ्या संपल्या. मुद्दाम त्याच्याच दुकानात गेलो. गर्दी होती. हा पुढं वाकून "हो साहेब", "देतो मावशी", "आहे ना सर" करत होता. एका माणसानं गोळीचं पाकीट त्याच्या अंगावर फेकलं, ही नाही म्हणून. त्यानं ते उचललं आणि दुसरं दिलं. गर्दी सरली तसं मी सरळ विचारलं.

"तू त्यांच्या पिशव्या का कापतो रे?"

तो हसला. "खेळ आहे ना अप्पा."

"खेळ हाय ते मलाबी कळतं. राक्षसाची पिशवी काप की. ह्यांचीच का?"

तो थोडा वेळ काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, "सर पुस्तकातलं बोलतात. मॅडम आन तुमची नात मैत्रिणी. माझी पाळी आली की सगळे मोबाईल बघतात. पिशवी कापली की बघतात माझ्याकडं."

"शिव्या द्यायला."

"बघतात तर."

मी गोळ्या खिशात टाकल्या. "सोंग चोराचं हाय म्हणतोस. पण त्या चोराला आमच्या घरी कोण आणतं? तूच ना? मग तो कसा वागला ते तुझ्यावरच. रविवारी ये. उशीर करू नको."

"नात आली का?"

"न्हाई. ती बदली मागायला निघालीय. तुम्ही तिघं नीट बसलात तर कदाचित न्हाई मागणार."

त्याचा चेहरा पडला. त्याला हे माहीत नव्हतं. माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि आपण धरून चालतो की त्याला कळलंय.

दुसऱ्या रविवारी मी मानपान गुंडाळून ठेवलं. राजा म्हणाला, धरण लांब आहे, वाटेत पाण्याचा थेंब नाही. पाण्याची एकच पखाल मिळेल, ती कातड्याची मोठी पिशवी चोराच्या खांद्यावर. कुणाला, कधी, किती पाणी द्यायचं ते चोरच ठरवील.

सर उडालेच. "अप्पा! त्याच्याकडं?"

"हाव."

"तो विकून टाकील!"

"मग मराल सगळे. तोबी मरंल. सांगा, काय करता?"

मेडिकलवाल्यानं खुर्ची पुढं ओढली. एरवी तो भिंतीला टेकून बसायचा.

पुढं जे झालं त्याचं मला अजून कोडं आहे. चोर एवढा कडक निघाला की विचारू नका. सकाळी घोटभर, संध्याकाळी घोटभर. जादूगारानं मंत्र म्हणायला घसा कोरडा पडला म्हणून जास्तीचं मागितलं, तर म्हणाला, "सर, हळू म्हणा मंत्र." मॅडमला घोड्यासाठी पाहिजे होतं. त्यानं आधी घोड्याला दिलं, मग तिला, आणि स्वतःचा घोट सोडला. वाटेत लुटारू आले तर हाच पखालीवर आडवा पडला. फासा टाकला, वाईट पडला, पाठीवर वार बसला. मॅडम ओरडली, "अरे, ऊठ!" तिघंही टेबलावर वाकले होते. मोबाईल कुणाच्या हातात नव्हता.

चोर होता तो. सोंग बदललं नाही मी. मग बदललं काय? बायको असती तर विचारलं असतं, तुला हे कुणी शिकवलं? ती म्हणाली असती, शिकवायचं काय त्यात, जेवायला चला. चाळीस वर्षं एका घरात राहिलो आणि विचारायचं सुचतंय आता.

सर मात्र त्या दिवशी जरा फुगूनच गेले. पुस्तकाचं कुणी ऐकलं नाही म्हणून. त्यांची समजूत काढायचं काम पुढच्या रविवारावर टाकलं.

नात शनिवारी नांदेडहून आली. मी काही सांगितलं नाही. रविवारी दुपारी बेल वाजली, दारात मेडिकलवाला, सगळ्यांच्या आधी. हातात बर्फाची पिशवी, सरबताला. नातीनं माझ्याकडं बघितलं.

"ह्यांना कुणी बोलावलं?"

"मी."

तो उंबऱ्यातच थांबला. "ताई, त्या दिवशी मी जास्त बोललो. यापुढं पिशव्या कापणार न्हाई. म्हणजे, सोबत्यांच्या न्हाई."

तिनं त्याच्या हातून बर्फ घेतला. सर आले, मॅडम आली. मॅडमनं तिला पखालीचं सगळं ऐकवलं, चोर कसा आडवा पडला ते खुर्चीवर आडवं होऊन दाखवलं. नात ऐकताना हळूहळू हसायला लागली. मी उठून तिची सांगायची जागा तिला मोकळी करून दिली.

"तुम्हीच बसा अप्पा."

"का? तुझा खेळ हाय."

"सुरुवातीपासून मी फक्त चालवते. मला कुणी खेळू दिलंच नाही. सगळ्यांची भांडणं सोडवायची आन राक्षसही मीच व्हायचं." तिनं सरबताचा पेला खाली ठेवला. "बाबांना सांगून आलेय, एवढ्यात बदली नको. तुम्ही चालवा. मी खेळते."

मी फासा उचलून विचारलं, "सोंग कोणतं घेतेस?"

"राजाची मुलगी. आणि मला तुमच्या राजाचं काहीच पटत नाही. मी आधी त्यालाच गादीवरून उतरवणार."

सर म्हणाले, "अगं, आपल्याला धरणावर जायचंय!"

"जा तुम्ही. मी नाही येत."

हात बांधून, हनुवटी वर करून बसली. मेडिकलवाल्यानं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले, आता काय करता अप्पा, अशा अर्थानं. मी फासा तिच्या पुढ्यात सरकवला.

"टाक," म्हणालो. "बघू तरी काय होतंय."