दादूंचा ट्रक

दादू मराठी शिकले ते बैलांकडून. ही थाप वाटेल, आणि माझ्या थापांचा लौकिक वडशापासून चामोर्शीपर्यंत पसरलेला असल्यामुळे तसं वाटणं रास्तच आहे. पण ही खुद्द दादूंची हकिगत आहे. पूर्व बंगालातून निघालेल्या त्यांच्या कुटुंबाला सरकारनं गडचिरोलीच्या जंगलात जमीन दिली, कुऱ्हाडी दिल्या आणि एक बैलजोडी दिली. बैल इथल्याच बाजारातले. बंगालीत त्यांना कितीही गोड बोललं तरी ते जागचे हलेनात. तेव्हा पोरगेलेसे असलेले दादू शेजारच्या गावातल्या नांगरणाऱ्यांच्या मागे हिंडून आधी हाका शिकले, मग शिव्या, आणि या दोहोंच्या मधली जागा भरत भरत उरलेली भाषा. "आमचा मास्टर चार पायाचा होता," ते मला म्हणत. "लाथा मारे, पण गृहपाठ देत नोता." मी दोन पायांचा मास्तर. मी गृहपाठ देत असे.

मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली वस्तीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बदली झाली होती. पक्की घरं झाली, नातवंडांना मिशा फुटल्या, तरी आजूबाजूचे लोक त्या वस्तीला अजून कॅम्पच म्हणतात. दादूंच्या घरी मला भाड्यानं खोली मिळाली. दादू म्हणजे बंगालीत आजोबा. गावातले म्हातारेसुद्धा त्यांना दादूच म्हणत, त्यामुळे मीही म्हणू लागलो. आता ते नाहीत; पण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हात आपोआप आदरार्थी अनेकवचनात जातो, आणि लिहून झाल्यावर हसूही येतं.

त्यांचं घर लांबूनच ओळखू यायचं. सपाट रानात एवढा उंच ओटा की पायऱ्या चढताना मला दम लागे. त्यांच्या मुलखात आधी तळं खणायचं आणि त्या मातीचा ओटा करून वर घर बांधायचं, म्हणजे पुरात घर बुडत नाही आणि दारात मासे राहतात. इथे आल्यावर दादूंच्या वडिलांनी तसंच केलं. शेजारच्या गावचे कोवाभाऊ, गोंड शेतकरी, दादूंचे बैलांइतकेच जुने गुरू, त्यांनी तेव्हा विचारलं होतं म्हणे, इथी पूर येईन तरी कुठून? त्यावर वडिलांचं उत्तर दादू अजून जसंच्या तसं सांगत: "तिकडं बी आमाले विचारून येत नोता." कोवाभाऊ हसले. पुढे त्यांनीही घरामागे तळं खणलं. पण एकदा, पानसुपारी चालली असताना, त्यांनीच दादूंना शांतपणे ऐकवलं होतं की सरकारनं तुले जमीन देल्ली, ते आमचं चराईचं रान होतं. तुलेही नाई विचारलं, आमालेही नाई. दादू हे वाक्य कुणापासून लपवत नसत. आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतः पुढे ठेवायची त्यांना खोड होती.

त्यांची दुसरी खोड याहून मोठी. कुठलीही गोष्ट त्यांना एकटी बघवत नसे. शेजारी दुसरी ठेवावी लागे. आधी रेडिओवर आणि पुढे मोबाइलवर ते बंगाली बातम्या ऐकत, आणि जगातल्या कुठल्या देशात बाहेरून आलेल्या माणसाला कसं वागवतात याची सगळी चौकशी करत. सकाळी मी दात घासत असताना ते तळ्याकाठी उकिडवे बसून मला जर्मनीचं धोरण समजावत. तिकडे म्हणे आधी भाषेचे वर्ग, मग काम. कॅनडात म्हणे गावातली चार घरं मिळून एका कुटुंबाची जबाबदारी घेतात, दुकान कुठं, दवाखाना कुठं, सगळं हिंडून दाखवतात. मी तोंडात फेस घेऊन मान डोलवत असे. "आन् आमाले कुऱ्हाड देल्ली," ते शेवटी म्हणत, "आन् झाड दाखवलं." मात्र लगेच ते दुसरी बाजू मांडत. कुऱ्हाड दिली, पण जमीनही दिली, मतही दिलं. कितीक देशांत तंबूत तीन पिढ्या जातात. त्यांचा तराजू कधीच एका बाजूला टेकून राहत नसे, आणि मी शाळेत उशिरा पोचत असे.

माझ्या हातून त्यांच्या बाबतीत ज्या चुका झाल्या त्यांतली पहिली पंधरा ऑगस्टची. झेंडावंदनाला मी त्यांना प्रमुख पाहुणे केलं आणि भाषणात छाती फुगवून म्हणालो की दादू आपल्या देशात पाहुणे म्हणून आले आणि आपलेच झाले. टाळ्या पडल्या. संध्याकाळी दादूंनी मला चहा दिला आणि म्हणाले, "मास्टर, पाहुणा साठ वर्षं राह्यला तर त्याले पाहुणा म्हनत नाई. त्याले म्हातारा म्हंतात."

दुसरी चूक मी फार उत्साहानं केली. हिवाळ्यात गडचिरोलीला तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात. त्यांची वसाहत माझ्या गावाच्या, वडशाच्या, पलीकडे, नवेगावच्या जंगलाकडे आहे. त्यांतले एक आजोबा माझ्या ओळखीचे होते. मी ठरवलं की या दोघांची गाठ घालून द्यायची. मनातल्या मनात मी त्या भेटीला आंतरराष्ट्रीय परिषद असं नावही देऊन टाकलं आणि दुभाषा म्हणून स्वतःची नेमणूक केली. दोघांनाही माझ्याहून चांगली हिंदी येत होती. पाचव्या मिनिटाला मला चहा आणायला पाठवण्यात आलं.

परत आलो तर दोघं चांगलेच भिडलेले. स्वेटरवाले म्हणत होते, तुम्हाला मत आहे, जमीन तुमच्या नावावर आहे. आम्ही इथं जन्मलेल्या पोरांचेही कागद पुन्हा पुन्हा नवे करून घेतो. दादू म्हणाले, पण तुमच्या पोरांना तुमच्या भाषेची शाळा आहे, तुमचा मठ आहे. माझ्या नातीला बंगालीत स्वतःचं नाव लिहिता येत नाही. स्वेटरवाले म्हणाले, मग बदलू या. दादूंनी खरोखर थोडा वेळ विचार केला. मग त्यांनी एका तपकिरी स्वेटरची किंमत विचारली, आणि स्वेटरवाल्यांनी, एवढी गाढ मैत्री होऊनही, एक रुपया कमी केला नाही. वाटेत बसमध्ये मी त्यांना विचारलं, कोणाचं बरं आहे? ते म्हणाले, "ज्याचं दुकान आहे त्याचं."

पण त्यांची खरी तुलना घरातच होती. सीमेवरून आलेली कुटुंबं आधी रायपूरजवळच्या माना कॅम्पात ठेवली होती. तिथून वसवायला ट्रक निघाले. दादूंच्या थोरल्या भावाचं लग्न झालं होतं, म्हणून त्याचं निर्वासिताचं कार्ड वेगळं आणि ट्रकही वेगळा. आईबापांबरोबर दादू दुसऱ्यात. कोणी रडलं नाही, कारण दोन्ही ट्रक पुढे चहाला एकत्र थांबतील अशी सगळ्यांची समजूत होती. भावाचा ट्रक ओडिशात मलकानगिरीकडे गेला. दादूंचा इकडे आला. भाऊ जिवंत आहे आणि कुठे आहे, हे कळायलाच पुढे काही वर्षं गेली.

जात दोघांची एकच, नमःशूद्र. ओडिशात ती अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्रात नाही. एका आईच्या दोन मुलांपैकी एक मागासलेला निघाला आणि दुसरा नाही, असं दादू म्हणत, आणि पाहुण्यांना आपण त्यांतले पुढारलेले म्हणून ओळख करून देत. लोक हसत. मीही हसत असे, मिनू बारावी होईपर्यंत.

मिनू त्यांची नात. माझ्याच शाळेत शिकून पुढे गेली होती. घरात कुणाला ताप आला की उशाशी तीच. तिला सरकारी कॉलेजात नर्सिंग करायचं होतं. खासगी कॉलेज त्या घराच्या आवाक्यात नव्हतं. खुल्या यादीत तिचं नाव थोडक्यात राहिलं. त्याच सुमारास मलकानगिरीहून फोन आला की थोरल्या भावाच्या नातीला, मिनूहून कमी गुण असताना, तिकडच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला. दादूंनी फोनवर मनापासून आशीर्वाद दिले. मग फोन ठेवून तळ्याकडे तोंड करून बसले, ते जेवायला हाक मारेपर्यंत. जेवताना त्यांनी आपला बेत सांगितला. "ट्रक चुकला ना? मंग ट्रक बदलू." मिनूला थोरल्या भावाला दत्तक द्यायची.

हा बेत ऐकून शहाण्या माणसानं काही विचारलं असतं. मी म्हणालो, वा. एवढंच नाही, सोबतीला जायलाही निघालो. मिनूचा बाप ताट सारून हात धुवायला उठला. आई त्या दिवशी जेवली नाही. बस बदलत बदलत, जगदलपूरवरून, आम्ही तिघं मलकानगिरीला पोचलो. तिथं दादूंच्या भावानं धान आणि दूर्वा हातात घेऊन मिनूला रीतसर मांडीवर बसवून घेतलं. सतरा वर्षांची दांडगी पोरगी आणि खाली काटकुळा म्हातारा. त्याची मांडी थरथरायला लागली तशी मिनूच हसायला लागली, मग सगळे हसले. माझ्या आठवणीत त्या प्रवासातलं हसणं एवढंच.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. मी वाटेत समतेवर एक तडाखेबंद हिंदी भाषण पाठ केलं होतं. तिथला कारकून तरुण होता आणि, हीच अडचण झाली, भला होता. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, एक तर या वयाच्या मुलीचं दत्तक कायद्यात बसत नाही. आणि बसलं असतं तरी जात बघताना तिचा जन्मदाता बाप कुठला हे बघतात. बाप कुठला? गडचिरोलीचा. म्हणजे महाराष्ट्राचा. दादूंनी त्याला हिंदीत विचारलं, तिकडे म्हणतात तुमची जात इथली नाही, इकडे तुम्ही म्हणता माणसं इथली नाहीत, तर मग दोन्ही मिळून आम्ही आहोत कुठे? कारकुनानं नियम पुन्हा वाचला, जणू मघाशी एखादी ओळ सुटली असेल. सुटली नव्हती. भांडायला समोर कोणी दुष्ट माणूस असता तर माझं भाषण उपयोगी पडलं असतं. मी तोंड उघडलं आणि "पानी मिलेगा?" एवढंच म्हणालो.

थोरल्या भावाच्या घरी परतलो तेव्हा त्याच्या नातीचा कॉलेजचा पांढरा गणवेश दोरीवर वाळत होता. आभाळ भरून आलं होतं. घरातले सगळे आमचं काय झालं ते ऐकण्यात गुंतलेले. मिनूनं जाऊन तो गणवेश काढला, हातानंच सुरकुत्या सारख्या करून घडी घातली आणि आत नेऊन ठेवला. दोघे म्हातारे ओट्यावर बसून तिच्याकडे बघत होते. थोरला म्हणाला, माझं कार्ड वेगळं करायला नको होतं. दादू म्हणाले, लग्नच करायला नको होतंस तू.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिनू हैदराबादला निघाली. तिथं घरोघरी आजारी म्हाताऱ्यांची सेवा करायला मुली लागतात. गावातल्या दोघी आधीच गेल्या होत्या. तेलुगूचा एक शब्द तिला येत नव्हता. आष्टीच्या थांब्यावर आम्ही बसची वाट बघत होतो. दादू तिच्याशी जन्मभर बंगालीत बोलले होते. त्या दिवशी मराठीत बोलले, थांब्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"तिथी कोणी विचारलं, कुठली, तर गडचिरोलीची सांगजो. लाजजो नको."

मिनूनं मान हलवली. मग तिनंही मराठीतच विचारलं, "आन् गडचिरोलीवाल्यानंच विचारलं तर, दादू?"

दादूंनी माझ्याकडे पाहिलं. तिला निरोप द्यायला आलेल्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा इथला असा मीच होतो. बस अजून आली नव्हती. तरी मी मिनूची बॅग जमिनीवरून उचलली आणि ती हातात धरून रस्त्याकडे बघत उभा राहिलो.