मलावीतल्या म्हातारीच्या पायाचं बँडेज

आधीच सांगते, मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. कोणाच्या अंगात आलं असं कळलं की मी पहिल्यांदा त्याचं बीपी बघायला सांगते. आई नारळ ओवाळून टाकते तेव्हा मी मोबाइलमध्ये असते. त्यामुळे मला भुताखेतांच्या कंपनीत जमा करू नका प्लीज. झालं ते कुठेतरी लिहून टाकायचंय, एवढंच…

मी साकीनाक्याला राहते. माझी मैत्रीण सँड्रा मरोळच्या गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलीच मूळची ख्रिश्चन. आम्ही दोघी अंधेरीतल्या एकाच कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला. तिच्या चर्चची एक टीम दरवर्षी पंधरा दिवस आफ्रिकेत, मलावीला दवाखाना चालवायला जाते — डॉक्टर, नर्स आणि सोबत नर्सिंगची एक विद्यार्थिनी. ख्रिश्चनच हवी अशी अट नव्हती, म्हणून आम्ही दोघींनी फॉर्म भरले.

इंटरव्ह्यूत फादरनी विचारलं, का जायचंय. मी खरं ते बोलले — मी अजून रत्नागिरीच्या पुढे गेलेले नाही, जग बघायचंय, आणि ड्रेसिंगला माझा हात चांगला आहे. सँड्राला मात्र आदल्या दिवशी मीच पढवलं होतं, 'सेवा' हा शब्द दोनदा तरी घे. तिने चारदा घेतला. निवड तिची झाली.

मी जळाले. फर्स्ट इयरला हिने बांधलेलं बँडेज वॉर्डच्या दारापर्यंत टिकायचं नाही. माझ्या पोटरीवर प्रॅक्टिस करून शिकली ती! मी डावखुरी, त्यामुळे माझं बँडेज उलट्या दिशेने फिरतं, आणि शेवटचं टोक मी चिकटपट्टी न लावता आत खोचते. मॅडम दर वेळी मार्क कापायच्या. पण माझं बँडेज कधी सुटलं नाही.

ती गेल्यावर तिचे स्टेटस मी टाकल्या टाकल्या बघायचे. पत्र्याचा दवाखाना, लाल माती आणि मध्ये ही, कोणाचं तरी बाळ कडेवर घेऊन. मी हार्ट पाठवायचे आणि मनात म्हणायचे, एक दिवस तरी आजारी पड गं.

एका गुरुवारी ती खरंच पडली. मेसेज आला — पोट बिघडलंय, आज खोलीतच झोपून आहे. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, कशाला खोटं बोलू? दीडच्या सुमारास जेवून आडवी झाले. स्वप्नबिप्न काही पडलं नाही. साडेचारला आईने हलवून उठवलं.

"हात बघ आपले. शाय खंय सांडलंस गो?"

डाव्या हाताची तीन बोटं जांभळी झाली होती. पण शाई नव्हती ती. जखमेला लावायचं जांभळं औषध असतं ना, त्याचा डाग मी ओळखते. आमच्या वॉर्डात ते आता कोणी वापरत नाही, घरात तर कधीच नव्हतं. साबण झाला, लिंबू झालं, डाग जाईना.

शनिवारी सँड्राचा फोन आला. आदल्या दिवशी तिच्याकडे एक म्हातारी आली होती, पायाला जखम असलेली. बँडेज आधीच बांधलेलं होतं. सँड्रा ते सोडायला गेली तर म्हातारीने पाय मागे घेतला. दुभाष्याला म्हणाली, काल सकाळी एका मुलीने बांधलंय, तीच सोडेल. टीममध्ये सगळ्यांना विचारून झालं. गुरुवारी त्या बाईला कोणी बघितलंच नव्हतं. तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग तिने फोटो पाठवला. बँडेज उलट्या दिशेने फिरवलेलं, टोक आत खोचलेलं, कडेला जांभळे डाग.

"टीममध्ये कोणी लेफ्टी नाहीये यार," सँड्रा म्हणाली. "आणि तुझं बँडेज मी झोपेतपण ओळखेन."

म्हातारी अजून काय म्हणाली, असं मी विचारलं.

"ती मुलगी सारखी हसत होती म्हणे. बांधून झाल्यावर पाया पडली आणि गेली." मग एकदम म्हणाली, "मी एवढे दिवस राबतेय इथे. मला एकापण पेशंटने असं परत मागितलं नाही."

आवाजातली ती धार मी लगेच ओळखली. महिनाभर माझ्याच पोटात होती ती.

डाग आठवड्याने गेला. सँड्रा परत आली. आम्ही रोज भेटतो, हा विषय दोघीही काढत नाही. कॉलेजातल्या एका सरांना विचारलं तर ते म्हणाले, झोपेत चालत असशील. साकीनाक्याहून मलावीला?

मला याचा अर्थ आजही लागलेला नाही. सँड्रावर आता मी जळत नाही, ते संपलं. जळते ती त्या दुसरीवर. ती त्या लाल मातीत बसली, म्हातारीचा पाय मांडीवर घेतला, मनापासून हसली. ती जर मीच होते, तर त्यातलं एवढंसंसुद्धा तिने मला आठवू का दिलं नाही?