करंडीची झडती

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यातून लॉ कॉलेज. अजून पहिल्या वर्षाची परीक्षाही झाली नव्हती, तरी घरात कुणी कुणावर आवाज चढवला की मी मध्ये पडून हक्क समजावून सांगायचो. आई म्हणायची, "हक्क मंग सांग, आधी मोटर चालू करून ये."

त्या खंडेनवमीला वडिलांबरोबर झेंडू घेऊन पंचवटीच्या फुलबाजारात निघालो. फटफटीच्या दोन्ही बाजूंना करंड्या, त्यांवर ओलं गोणपाट, मध्ये अवघडून बसलेला मी. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू त्या एका सकाळीच विकायचा असतो. लिलाव उजाडताच सुरू होतो आणि उशिरा आलेल्या मालाकडे व्यापारी ढुंकून बघत नाहीत.

दिंडोरी नाक्यावर सणाची नाकाबंदी होती. हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली, गोणपाट सारलं आणि काही न बोलता करंडीत कोपरापर्यंत हात खुपसला. फुलं रस्त्यावर सांडली.

मला राहवलं नाही. एका सीनियरच्या पुस्तकात झडतीचं कलम नुकतंच वाचलं होतं. "साहेब, दोन पंचांशिवाय झडती घेता येत नाही." आवाज ठाम ठेवायचा होता, तो मध्येच चिरकला. ते कलम बंद जागेच्या झडतीबद्दल होतं, करंडीला ते लागतं की नाही याचा मी विचारच केला नव्हता.

हवालदाराने हात बाहेर काढला. "हा कोण?"

"पोरगं हाय माझं. वकिलीला हाय," वडील म्हणाले. त्यात अभिमान होता की माफी, मला कळलं नाही.

"अस्सं! मग आणा पंच, वकीलसाहेब. याच भागातले पाहिजेत बरं का. आणि प्रतिष्ठित."

आणि मी खरोखरच निघालो.

चहाच्या टपरीवाल्याला विचारलं. "पंच? मग साक्षीला कोर्टात कोण जाणार, तुझा बाप?" दूधवाल्याने सायकलवरून पायसुद्धा खाली टेकवला नाही. "माझ्या मेव्हण्यानं एकदा सही केली होती. अजून तारखा चालू हायेत." देवदर्शनाहून परतणारे एक आजोबा चांगले प्रतिष्ठित दिसले. त्यांच्यापुढे हात जोडताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पंच बोलावणं हे पोलिसाचं काम आहे, झडती होणाऱ्याचं नव्हे. आजोबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"करंडीत आहे काय?"

"झेंडू."

"मग दाखव ना बाबा."

परत आलो तर हवालदार ट्रक अडवत होता आणि आमच्या करंड्या बांधून तयार होत्या. वडील म्हणाले, "मीच म्हनलं, साहेब, हात घातला की फुलं चुरत्यात. मी थर उचलतो, तुमी बघा. बघितलं त्यांनी."

"मग निघायचं ना, नाना!"

"तुला कुठं टाकून जाऊ?"

तेव्हा मोबाइल कुठला. हवालदाराने आम्हाला थोडाच वेळ अडवलं होतं, बाकी सगळा उशीर माझ्या कायद्याने केला होता.

लिलाव उरकला होता. बाजाराबाहेर रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून आम्ही किरकोळ विकायला बसलो. ओरडायचं काम माझ्याकडे आलं. 'झेंडू' हा शब्द घशातून निघेना.

"हक्क सांगताना बरं तोंड चालतं," वडील म्हणाले.

ऊन चढलं, तरी एक करंडी भरलेलीच होती. तेवढ्यात तोच हवालदार आला. चौकीत शस्त्रपूजा होती, फुलं हवी होती. तो वाकला, त्याचा हात करंडीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"वकीलसाहेब, हात घालू का? का पंच आणू?"

शेजारच्या फुलवाल्या बायका फिदीफिदी हसल्या. माझे कान तापले. पण हात थांबला होता, हे मी पाहिलं. शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो, "घाला."

"त्याला काय इचारता?" वडील म्हणाले. "करंडी माझी हाय."

हवालदार त्यांच्याकडे वळला. या वेळी तो हसत नव्हता. "घालू का, काका?"

वडिलांनी सावकाश गोणपाट बाजूला केलं. "वरची सुकल्यात. थांबा, खालची काढून देतो."

हवालदार हात मागे घेऊन थांबला.