चौथ्या मजल्यावरची मीटिंग

“आत मीटिंग चालू हाये,” एवढं बोलून मावशी फरशी पुसायची काठी दारावर आडवी धरायच्या आणि समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत राहायच्या. समोरचा कितीही मोठ्या पगाराचा असो, दोन पावलं मागे सरायचा. आमच्या हिंजवडीच्या कंपनीत लोक बायकोचा वाढदिवस विसरत, पण दुसऱ्याची मीटिंग मोडण्याचं पाप कोणी करत नसे.

या मीटिंगला मी एकटीच हजर असायचे. विषयही एकच होता : माझ्या आठ महिन्यांच्या लेकीसाठी पंपाने दूध काढणं.

साफसफाई करणाऱ्या सगळ्या बायका आमच्याकडे ‘मावशी’. गळ्यातल्या ओळखपत्रावर त्यांचं नाव छापलेलं असतं, पण ते वाचण्याचे कष्ट आम्ही कोणी घेतले नाहीत. मीही नाही. तुमच्याही ऑफिसात अशा मावशी असतील. बघा, नाव आठवतंय का. या मावशी वाशीमकडच्या, काटकुळ्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. चालणं असं, जणू मागे कोणी लागलंय.

आता ती खोली. पूर्वी तिथे जुन्या बॅटऱ्या असायच्या. मग कंपनीला मातांचा पुळका आला. बॅटऱ्या हलवल्या, गुलाबी रंग दिला, एका गोऱ्यापान परदेशी बाळाचं पोस्टर लावलं आणि फीत कापून ‘मातृत्व कक्ष’ सुरू केला. कडी तेवढी लावायची राहिली. मी अर्ज केला, तर उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणास्तव कोणत्याही मीटिंग रूमला आतून कडी देता येत नाही. कारण बुकिंगच्या यादीत ती अजून मीटिंग रूमच होती.

त्यामुळे पहिल्याच दिवशी सेल्सचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन थेट आत आला. मी ओढणीखाली, पंप घरघरतोय. त्याने नम्रपणे विचारलं, “सॉरी, अजून किती वेळ लागेल?”

मी रडत बाहेर आले तेव्हा मावशी कॉरिडॉर पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी खोलीत शिरले, तर ‘फरशी ओली आहे’ची पिवळी पाटी, बादली आणि मावशी, असा बंदोबस्त दाराशी तयार होता. मी म्हटलं, “मावशी, आत बाळाचं दूध काढतायत असं सांगा ना सरळ.”

“नाई बाई. बाळ म्हनलं की लोकं डोकावून पाह्यतात. मीटिंग म्हनलं की दूर पयतात.”

एवढं व्यवस्थापन आमच्या कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

माझ्या मॅनेजरनेच त्यांना एकदा हटकलं. “कोणाची मीटिंग?” मावशी म्हणाल्या, “मोठ्या लोकाइची.” झालं! अकरा आणि दोनच्या ठोक्याला चौथ्या मजल्यावर बंद दाराआड काहीतरी शिजतंय, कपातीच्या याद्या निघतायत, अशी कुजबुज पसरली. आठवडाभर आमची टीम वेळेवर येत होती. मॅनेजरसाहेब मला कॉफी पाजून विचारत होते, तुझ्या कानावर काही आलंय का?

मी ‘नाही’ म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी मला एवढंच बजावलं होतं : वेळच्या वेळी काढत राहिलात तर दूध टिकेल, खाडे झाले की आटत जाईल. मला ते वर्षभर तरी टिकवायचं होतं. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. वारज्याहून निघून परत पोचेपर्यंत दिवसाचे अकरा तास मी लेकीपासून लांब. तेवढ्या वेळात माझ्याकडून तिला मिळणारी ती एकच गोष्ट होती.

एकदा पॅन्ट्रीतल्या फ्रीजमधून माझी बाटली कोणीतरी बाहेर काढून ठेवली. फ्रीजमध्ये फक्त खाद्यपदार्थ ठेवावेत, असा नियम होता, आणि आईचं दूध त्यात बसतं का यावर तीन खात्यांत मेल फिरत होत्या. निर्णय होईपर्यंत दूध नासलं. मी ते बेसिनमध्ये ओतणार, तर मावशींनी माझा हात धरला.

“मोरीत नाई सांडत, बाई. पायाखाली येते. झाडाले घालाव.”

बाटली घेऊन त्या अख्खा मजला फिरल्या. सगळी झाडं प्लास्टिकची. रोज त्याच पुसायच्या, त्यांना माहीत होतंच; तरी एकदोन पानं नखाने खरवडून बघितली. मग खाली गेल्या. गेटवरच्या वॉचमनने अडवलं : सामान बाहेर न्यायला पास लागतो. परत येणारं सामान की न येणारं? अर्ध्या तासाने मावशी पास घेऊन वर आल्या. त्यावर लिहिलं होतं, ‘द्रव पदार्थ, एक बाटली, परत येणार नाही.’ खाली शिक्का.

“कुठे ओतलंत?”

“बसथांब्यापाशी गुलमोहोर हाये, त्याच्या मुयाशी.” मग बादली उचलता उचलता म्हणाल्या, “मी पुण्याले आली तवा माहा पोरगा पाच महिन्याचा होता. आईपाशी ठेवला. बांधकामावर होती मी. पान्हा फुटे, मंग लिंबाच्या झाडापाशी जाऊन दूध पिळून येत जाओ. रोज.”

मी विचारलं, “मग बाळाला?”

“बकरीचं. जगला ना.” आणि त्या जिना पुसायला निघून गेल्या.

महिला दिनाला हेड ऑफिसचे पाहुणे आले. सोबत फोटोग्राफर. एचआरच्या मॅडम सगळ्यांना घेऊन दोन वाजता आमचा आदर्श कक्ष दाखवायला निघाल्या. मी आत होते. बाहेरचा सगळा संवाद ऐकू येत होता.

“मावशी, बाजूला व्हा.”

“आत मीटिंग चालू हाये.”

“अहो, ही मीटिंगची खोली नाही. ही मातांसाठी आहे!” मॅडम पाहुण्यांकडे बघून हसल्या असाव्यात. “कोण आहे आत?”

मी पंप बंद केला. ‘मी आहे, दहा मिनिटं थांबा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण कुर्ता वर, दाराला कडी नाही, बाहेर कॅमेरा, आणि मार्च म्हणजे पगारवाढीचा महिना. मी श्वास धरून बसले.

“कोनी नाई, मॅडम,” मावशींचा आवाज आला. “मीच जेवल्यावर पडत असतो अंदर. माहा पसारा हाये. फोटोत बरा दिसनार नाई.”

पाहुणे दारावरच्या ‘मातृत्व कक्ष’ या पाटीसोबत फोटो काढून केक कापायला गेले.

सोमवारी चौथ्या मजल्यावर दुसऱ्या मावशी होत्या. मी एचआरला मेल केली. उत्तर आलं : कामाच्या वेळेत झोपल्याबद्दल ठेकेदाराने त्यांना हलवलं आहे, हा ठेकेदाराचा अंतर्गत विषय आहे, आपल्या संवेदनशीलतेबद्दल आभार. मग मी दुसरी मेल लिहिली, आत मी होते असं सांगणारी. ती अजून ड्राफ्टमध्ये आहे. मला त्याची लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

महिला दिनाचे फुगे आणि फलक त्या खोलीत नेऊन टाकले. मी टॉयलेटमध्ये बसून पंप लावू लागले. बाहेरून कोणी दार वाजवलं की दूध यायचंच थांबे. खाडे होऊ लागले. एप्रिल संपेपर्यंत बाटलीचा तळही भिजेना, आणि मग तेही थांबलं.

मे महिन्यात सुपरवायझरकडून नंबर मिळवून रविवारी घरून फोन लावला. मावशी आता बिबवेवाडीकडे एका मंगल कार्यालयात होत्या. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

“ते जाऊ द्या, बाई. झाडू काय, कोठंबी मारता येते. पोरगी पेते ना अजून?”

लेक मांडीवर पावडरचं दूध पीत होती, बाटलीचा चुटुचुटु आवाज करत. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पिते, मावशी,” मी म्हटलं.

“मंग झालं तं,” त्या म्हणाल्या.