देवजीच्या मानेवरचं सोंग

शहापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कुणाली फिजिओथेरपिस्ट आहे, पण तो शब्द उच्चारायच्या भानगडीत तिथे कोणी पडत नाही. ती ‘व्यायामाची बाई’. मुरबाडकडच्या शेतकऱ्याची पोर, शहरातल्या कॉलेजात साडेचार वर्षं काढून परत इकडेच आली, याचं लोकांना कौतुक कमी आणि नवल जास्त. आता त्याच कॉलेजची मुलं महिना-महिना तिच्या हाताखाली शिकायला येतात. पहिल्याच दिवशी ती त्यांच्या हातातले छापील फॉर्म काढून घेते. “आधी माणसाला विचारा,” म्हणते, “या अंगाने तुम्ही काय काय करता? पोटासाठी काय, घरासाठी काय, देवासाठी काय?” मुलं एकमेकांकडे बघतात. मानदुखीचा आणि देवाचा काय संबंध?

तो संबंध कुणालीला देवजीमुळे कळला. शिकली ती, अंग गेलं देवजीचं.

देवजी डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरचा, साठीच्या आसपासचा, भात आणि नाचणी पिकवणारा गडी. दोन वर्षांपूर्वी पौषात मान धरून दवाखान्यात आला. बोटांना मुंग्या यायच्या, पेटवलेली विडी हातातून गळून पडायची. कुणालीने त्याला नीट तपासलं. कामचुकार ती कधीच नव्हती. कामाच्या रकान्यात ‘शेती’ लिहिलं, सवयीच्या रकान्यात ‘विडी’. शेक दिला, व्यायाम शिकवले आणि निघताना बजावलं, “काका, डोक्यावर भारा घ्यायचा नाय. लाकडं नाय, हंडा नाय, कायच नाय.”

“नाय घेत, बाय,” देवजी म्हणाला.

आणि खरोखरच त्याने घेतला नाही. लाकडाचे भारे त्याच्या बायकोने, सकुबाईने वाहिले. देवजी म्हातारपणी साहेब झाला म्हणून पाड्यावर लोकांनी त्याची टर उडवली, तोही त्यांच्यात हसला. फाल्गुनात मुंग्या कमी झाल्या. कुणालीने खुशीत त्याच्या कागदावर लिहिलं, ‘रुग्ण उत्तम सहकार्य करतो.’

चैत्रात पाड्यावर बोहाडा लागला. देवांची नि राक्षसांची लाकडी सोंगं चेहऱ्यावर बांधून संबळाच्या तालावर नाचायचं, असा हा उत्सव. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. वेताळ देवजीच्या घरचा. दहा किलोंचं लाकूड, डोक्यामागे दोरीने आवळलेलं; आणि वेताळ काही संथ चालीने येत नाही, मान झटकत, उड्या घेत येतो. सोंग जड लागतं असं नाचणाऱ्याने तोंडातून काढायचं नसतं, काढलं तर देवाला झिडकारल्यासारखं होतं. देवजी चाळीस वर्षं नाचला आणि चाळीस वर्षं त्याने तो शब्द काढला नाही. त्या दिवशीही त्याने उपास केला, सोंगाच्या पाया पडला आणि दोरी आवळून घेतली. आपण बाईंचा शब्द मोडतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. बाईंनी भारा नको म्हटलं होतं, आणि हा तर घरचा देव.

तिसऱ्या फेरीला तो मटकन खाली बसला. लोकांना वाटलं, अंगात आलं. कोणी नारळ फोडला, कोणी ओवाळलं. बऱ्याच वेळाने सोंग सोडलं तेव्हा कळलं की त्याचे पाय हलत नाहीत. ठाण्याला नेऊन मानेचं ऑपरेशन झालं. मणके आधीच झिजलेले, त्यात झटके बसले आणि मानेतली मुख्य नस चेपली, असं डॉक्टरांनी सांगितलं. हात थोडेफार परत आले. पाय आले नाहीत.

कुणाली शहरातली असती तर एक वेळ म्हणता आलं असतं, बिचारीला काय माहीत. पण तिच्या मामाच्याच घरी नरसिंहाचं सोंग आहे. बोहाडा संपला की मामी मामाची सुजलेली मान चार-चार दिवस तेलाने चोळायची, हे तिने लहानपणी दरवर्षी पाहिलेलं. कॉलेजात एकदा तिने बोहाड्याचं नाव काढलं तर वर्गातल्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. तेव्हापासून ते सगळं तिने गावाच्या वेशीबाहेर येऊ दिलं नाही. म्हणजे तिला माहीत होतं आणि तिने विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी ती स्वतःला माफ करू शकलेली नाही, आणि करूही नये असं तिला वाटतं.

दर रविवारी ती देवजीच्या घरी जाते. त्याचे पाय आखडू नयेत म्हणून तासभर हलवते. घरातलं कोणी तिला एक वाकडा शब्द बोलत नाही, सकुबाई कोरा चहा पुढे करते. ती तो अर्धाच पिऊन खाली ठेवते. चूक माझी होती, एवढं देवजीला सांगायचं, असं ठरवून ती येते आणि न सांगता परत जाते. असं दीड वर्ष चाललं.

गेल्या रविवारी तिच्याबरोबर रुचिता नावाची विद्यार्थिनी होती. शिकवल्याप्रमाणे तिने विचारलं, “बाबा, सोंग कसं बांधायचात तुम्ही?”

देवजीने दाखवायला दोन्ही हात डोक्यामागे न्यायला घेतले. ते कानापर्यंत गेले आणि खाली पडले. मग तो म्हणाला, “मीच चुकलो. मान दुकतं म्हनून दवाखान्यात सांगत सुटलो. देवाचा भार वाटला मना. वेताळाला राग आला.”

सकुबाईने होकाराने मान डोलावली. हे त्या घरात फार आधीच ठरून गेलेलं होतं. आणि दीड वर्ष हा माणूस पडल्या पडल्या स्वतःलाच गुन्हेगार समजत होता, हे कुणालीला त्या क्षणी कळलं.

“काका, वेताळाचं यात काय नाय,” ती म्हणाली. “चूक माजी हाय. तुमच्या घरात सोंग हाय का, येवढं मी इचारायला पायजे होतं. मना ठावं होतं, तरी मी इचारलं नाय. इचारलं असतं तं तुमी आज चालत असता.”

देवजीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

“तुजी चूक हाय,” तो सावकाश म्हणाला. “मंग आता तुज्यानं दुरुस्त होईल?”

कुणाली रडत होती. खोटं बोलायची फार इच्छा झाली तिला. “नाय, काका.”

“वेताळाचा राग आज ना उद्या उतरंल,” देवजी म्हणाला. “त्याचाच राग असू दे गो. तू परत असं बोलू नको.”