डॉक्टरीणबाई आणि पोरीचं बारसं
बारशाच्या घुगऱ्यांचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. आमच्या थोरलीचं बारसं होतं. पोरगी पायाकडनं आली होती. आमच्या भागातल्या पहिल्या डॉक्टरीणबाई उसाच्या रानातल्या चिखलातनं चालत आल्या, म्हणून मायलेकी दोघी वाचल्या. बायकोनं त्यांना बारशाला मुद्दाम बोलावलं. बाई झबलं घेऊन पाळण्याजवळ आल्या, तशी माझी आई म्हणाली, "बाई, तुमी जरा लांब ऱ्हावा. शुभकार्य हाय." बाई विधवा होत्या. त्या दाराशी सरकल्या. बायको बाजेवरनं ताडकन उठली. "आत्याबाई, मी अडले तवा ह्यांच्या कपाळावर कुकू हाय का बघितलं व्हय तुमी?" असं म्हणत तिनं पोरगी उचलून बाईंच्या हातात दिली. बायका कुजबुजल्या. आणि मी, पोरीचा बाप, पानसुपारीचं तबक धरून मुर्दाडासारखा गप्प उभा. बायकोनं ते मला शेवटपर्यंत माफ केलं न्हाय. करायला नकोच होतं. ती जाऊन सहा महिने झाले. परवा नातीच्या पोराच्या बारशाला "आबा, पहिला मान तुमचा" म्हणत सगळ्यांनी मला पाळण्यापुढं नेलं. माझी बायको मेलीय, तरी मला कुणी लांब ऱ्हावा म्हणालं न्हाय.