जेवायला आलेली कानबाई
गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी फोडणीला पडली की लग्नानंतरचा सासरचा, रनाळ्यातला पहिला श्रावण आठवतो. घरात कानबाई देवी बसली होती. "मन्ही सून संस्कृत शिकेल शे," असं सासूबाईंनी भाऊबंदांत आधीच सांगून ठेवलेलं. गव्हाचे रोट आणि गंगाफळाची भाजी असा नैवेद्य मांडला, सगळे हात जोडून माझ्या स्तोत्रासाठी थांबले, आणि लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र मला दुसऱ्याच ओळीला आठवेना. सासूबाईंनी शांतपणे रोटांचं ताट देवीपुढे सरकवलं. "ऱ्हाऊ दे बेटा. कानबाई माय परीक्षा लेवाले नही, जेवाले उनी शे." मला हसूच फुटलं, रडायचं राहून गेलं. आता मी शाळेत संस्कृत शिकवते. श्लोक अडून एखादी पोर रडवेली झाली, की आधी विचारते, "जेवलीस का?"